कार्ल रॉजर्स : ऐकून घेण्यामागचं विज्ञान

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाची एक तक्रार हमखास ऐकू येते : "त्यांनी उपाय काही सांगितलाच नाही, नुसतं ऐकत होते." हे 'नुसतं ऐकणं' मानसोपचाराच्या केंद्रस्थानी आणलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी. त्यांना अनेकदा भला, मवाळ माणूस म्हणून गौरवतात आणि तिथेच थांबतात. मला त्यांच्यातला प्रयोग करणारा माणूस जास्त मोलाचा वाटतो.

त्यांचा जन्म १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. वडिलांना शेती शास्त्रशुद्ध करायची होती, त्यामुळे घरात जनावरांच्या आहारावरचा जाडजूड ग्रंथ होता. पोराने तो वाचून काढला. एका गटाला वेगळा चारा द्यायचा, तशाच दुसऱ्या गटाला नेहमीचा, आणि मग फरक मोजायचा, हे ते तिथे शिकले. पुढे कृषिशास्त्र, इतिहास, धर्मशास्त्र असं करत ते मानसशास्त्राकडे वळले.

१९२८ पासून बारा वर्षं त्यांनी रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. तिथला एक प्रसंग त्यांनीच पुढे लिहून ठेवला. एका द्वाड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. तिने मुलाला लहानपणी झिडकारलं, हेच दुखण्याचं मूळ, असं रॉजर्स यांचं निदान होतं. ते तिला परोपरीने पटवून पाहिलं, पण काही हाती लागेना. अखेर दोघांनी थांबायचं ठरवलं. दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि म्हणाली, "तुम्ही मोठ्या माणसांनाही भेटता का?" मग परत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराबद्दल बोलू लागली. निदानाच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. उपचाराला खरी सुरुवात तिथे झाली. कुठे दुखतं हे त्या माणसालाच ठाऊक असतं, त्याच्यामागून जावं, ही रॉजर्स यांची धारणा अशा अनुभवांतून पक्की झाली.

पण मागून जायचं म्हणजे नेमकं काय? समजा, कुणी म्हणालं, "सगळे सांगतात, झालं गेलं सोडून दे." सल्ला देणारा म्हणेल, "बरोबरच आहे त्यांचं." रॉजर्स यांच्या पद्धतीचा समुपदेशक म्हणेल, "सोडून देणं जमत नाहीये, आणि ते कुणाला कळतही नाहीये, असं काही?" त्यावर उत्तर येऊ शकतं, "कळतं हो त्यांना. मलाच लाज वाटते, अजून रडू येतं त्याची." समुपदेशकाचा अंदाज चुकला, तरी बोलणं एक पायरी खोल गेलं. ही चूक दुरुस्त करायची मोकळीक समोरच्याला असणं, हा या पद्धतीचा गाभा आहे.

१९४० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांसह या बैठकी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. तबकडी काही मिनिटांत भरायची, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवायची. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका उपचाराच्या सगळ्या बैठकींचा शब्दन् शब्द छापला. तोवर बंद खोलीत काय घडलं हे बहुतेक वेळा उपचारकाच्या आठवणीवरूनच कळायचं. मुद्रणं ऐकताना आपण किती मध्ये बोलतो, किती ढकलतो, हे समुपदेशकांच्याच कानांवर पडलं.

१९५७ मध्ये त्यांनी ठाम दावा मांडला : समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, विनाअट स्वीकार आणि उपचारकाचा सच्चेपणा, हे समोरच्यापर्यंत पोचलं की बदलाला तेवढं पुरतं. मग हा दावा त्यांनी सगळ्यात अवघड ठिकाणी तपासला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांवर तुलनेच्या गटासह प्रयोग झाला. उपचार मिळालेल्यांमध्ये आणि न मिळालेल्यांमध्ये एकंदर ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्यांना उपचारकाने मनापासून समजून घेतलं होतं, त्यांची स्थिती तुलनेने बरी होती.

'तेवढं पुरतं' हा भाग आज बहुतेक तज्ज्ञ मानत नाहीत. सतत हात धुण्यासारख्या मंत्रचळात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचा सराव सहसा लागतो. पण तो सराव करून घेणाऱ्याशी रुग्णाचं नातं कसं जुळलंय, याचा गुण येण्याशी संबंध असल्याचं वेगवेगळ्या उपचारपद्धतींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे.