‘हेल्म इनिट’ आता का चालत नाही

लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. सोयाबीनची आवक वाढली की सर्व्हरवर ताण येतो, म्हणून ते क्युबरनेटिस या प्रणालीने एकत्र चालवलेल्या सर्व्हरच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, हलवायचं ठरलं. नव्याने रुजू झालेल्या मुलाने जुन्या टिपणावरून पहिलीच कमांड दिली, ‘हेल्म इनिट’. हेल्म म्हणजे क्युबरनेटिसवर अ‍ॅप बसवायचं साधन. उत्तर आलं, अशी कमांडच नाही. बिचारा तासभर हेल्म काढून पुन्हा टाकत बसला. मधल्या काळात काय घडलं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

२०१३ साली डॉकर आलं आणि अ‍ॅप्लिकेशन सगळ्या लवाजम्यासकट कंटेनर नावाच्या गाठोड्यात बांधणं सोपं झालं. पुढच्या वर्षी गूगलने क्युबरनेटिस खुलं केलं. जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कंटेनर सांभाळायची सोय झाली, पण एकेका अ‍ॅपमागे यामल फायलींचा, म्हणजे काय कसं चालवायचं ते लिहिलेल्या मजकुराच्या फायलींचा, ढीग साचू लागला: डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, कॉन्फिगमॅप, सीक्रेट (गुप्त माहितीची नोंद). चाचणीचा संच वेगळा, चालू कामाचा वेगळा. एकीकडे इमेजचा टॅग, म्हणजे अ‍ॅपच्या आवृत्तीची खूण, बदलायचा, दुसरीकडे राहून जायचा.

त्याच वर्षी डेइस नावाच्या कंपनीत हेल्मचं काम सुरू झालं आणि नोव्हेंबरात क्युबकॉन या क्युबरनेटिसच्या पहिल्या परिषदेत ते लोकांसमोर आलं. हेल्मचा चार्ट समजायला आडतीची छापील पट्टी डोळ्यासमोर आणावी. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई यांच्या जागा छापलेल्या असतात. आकडे तेवढे दर वेळी भरायचे. चार्टमधले टेम्प्लेट म्हणजे ती छपाई, आणि व्हॅल्यूज फाइल म्हणजे भरलेले आकडे.

२०१६ मध्ये हेल्म २ आलं, सोबत टिलर. ‘हेल्म इनिट’ने हा टिलर क्लस्टरमध्ये बसायचा आणि आपण सांगितलेली कामं तो करायचा. बहुतेक ठिकाणी त्याला पूर्ण क्लस्टरचे अधिकार देऊन टाकलेले असत. दुकानाच्या सगळ्या किल्ल्या मुनिमाकडे, आणि सांगणारा कोण हे मुनीम विचारत नाही, असा तो प्रकार. २०१७ पासून क्युबरनेटिसमध्ये भूमिकेनुसार अधिकार देण्याची पद्धत रुळली, तेव्हा हा मुनीम डोळ्यावर आला.

१३ नोव्हेंबर २०१९ ला हेल्म ३ मध्ये टिलर काढूनच टाकला, आणि त्याला बसवणारी ‘इनिट’ कमांडही गेली. माझ्या मते हेल्मच्या इतिहासातला हाच सगळ्यात मोलाचा निर्णय. आता कमांड देणाऱ्याला स्वतःला जेवढा अधिकार, तेवढंच हेल्म करू शकतं, आणि प्रत्येक रिलीजची, म्हणजे बसवलेल्या चार्टची, नोंद त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या त्याच कप्प्यात) सीक्रेट म्हणून राहते.

दुसरी सुधारणा आम्हाला रोज उपयोगी पडते. समजा, कुणी हाताने रेप्लिका, म्हणजे अ‍ॅपच्या चालू प्रती, शून्यावर आणल्या. हेल्म २ मागचा आणि नवा मॅनिफेस्ट (चार्टमधून तयार झालेली यामल) एवढंच ताडून बघायचं. दोन्ही सारखे असले की रोलबॅक (मागच्या आवृत्तीवर परतायची कमांड) देऊनही अ‍ॅप बंदच. हेल्म ३ क्लस्टरमध्ये प्रत्यक्ष काय चाललंय तेही बघतं, म्हणून रोलबॅकनंतर रेप्लिका परत उभ्या राहतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये हेल्म २ चा आधार थांबला. ‘स्टेबल’ नावाचं जुनं चार्टभांडारही तेव्हाच बंद झालं, त्यामुळे जुन्या टिपणातल्या ‘स्टेबल’ने सुरू होणाऱ्या ओळीही आता अडतात. आमच्या मुलाच्या टिपणात अशा तीन होत्या. त्याने त्या खोडल्या, वरची ‘इनिट’ची ओळही खोडली, आणि चार्ट आमच्याच रजिस्ट्रीतून (चार्टच्या साठ्यातून) घेऊन ‘हेल्म इन्स्टॉल’ दिलं.