जप्ती नव्हे, ताबा : माजी सैनिकाच्या घराच्या लिलावामागची पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातील एका निवृत्त हवालदाराने आपल्या घराचा लिलाव थांबवण्यासाठी जी लढाई चालवली आहे, तिच्याविषयी तालुक्यात बरेच बोलले जाते आणि बोलणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी ‘जप्ती’ हा शब्द असतो. वास्तविक या घरावर जप्ती आलेलीच नाही. दाराच्या चौकटीवर खळीने चिकटवलेल्या कागदावर ‘ताबा सूचना’ असे छापलेले आहे. जप्ती न्यायालयाच्या किंवा वसुली अधिकाऱ्याच्या हुकमाने येते, ताबा बँक स्वतःच घेते. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय हवालदारांची अडचण कळणार नाही.

खानदेशाचे आणि पलटणीचे नाते जुने आहे. धरणगावला १८२५ साली भिल्ल पलटण उभी राहिली, तेव्हापासून या भागातील घरांत फौजेची नोकरी ओळखीची झाली. कर्ज आणि घरदार यांचे नातेही तितकेच जुने आहे. दख्खनमधील १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो सुरुवातीला चार जिल्ह्यांपुरताच होता आणि त्यांत खानदेश नव्हता. मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कर्ज फेडून गहाण सोडवण्याचा हक्क आहे. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने सरकारी पेन्शन आणि शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळले. १९२५ च्या एका कायद्याने सैनिकांना दिवाणी दाव्यांत संरक्षण दिले, पण ते विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या जवानांसाठी आहे. गणवेश उतरवून घरी आलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

जप्तीची जी पद्धत आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर असते, ती मुख्यतः सहकारातली आहे. पतसंस्थेचे कर्ज थकले की १९६० च्या राज्य सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला, म्हणजेच ‘१०१ चा दाखला’, निघतो आणि वसुली अधिकारी जप्तीसाठी दारात येतो. जळगाव जिल्ह्याने या शतकाच्या पहिल्या दशकात दुसरी बाजूही पाहिली. अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत निवृत्तीची रक्कम ठेवलेली माणसेही होती. हे हवालदार त्यांपैकीच एक. सैन्यातला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, मुलांची शिक्षणे अजून व्हायची असतात, आणि पेन्शनच्या निम्म्यापर्यंतचा भाग कम्युटेशनमध्ये एकरकमी घेतला, तर तो भाग पूर्ववत मिळायला पंधरा वर्षे जावी लागतात. मधल्या काळात हाती येते ती कमी पेन्शन, आणि घराचा हप्ता तिच्यातूनच जातो.

हवालदारांचे गृहकर्ज बँकेचे आहे, म्हणून त्यांना लागू झाला तो २००२ चा कायदा, ज्याला बँकेच्या काउंटरपासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळे ‘सरफेसी’ म्हणतात. खाते एनपीए, म्हणजे हप्ते थकून अनुत्पादक, झाले की बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते, आणि तेवढ्यात रक्कम न भरल्यास न्यायालयाचा हुकूमनामा न घेता तारण मिळकतीचा ताबा घेऊ शकते. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या कायद्याने बंद केला आहे. दाद मागायची ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो का, हा वाद बरीच वर्षे चालला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने होकारार्थी निकाल देऊन तो मिटवला. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे; पण हवालदारांचे घर गावठाणात, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, आहे. जप्तीला न लागणाऱ्या मालमत्तेची सूटही येथे कामी येत नाही, कारण त्याच कर्जासाठी मुद्दाम तारण दिलेली मिळकत त्या सुटीबाहेर ठेवली आहे. बहुतेक प्रकरणांत सुरुवातीला ताबाही सांकेतिक असतो. कागद चिकटवला जातो, वर्तमानपत्रात सूचना येते, आणि माणसे मात्र घरातच स्वयंपाक करीत असतात. पुष्कळ कुटुंबे याच काळात गाफील राहतात.

या सगळ्यात कळीची आहे ती सरफेसी कायद्याच्या कलम १३ च्या आठव्या उपकलमातील एक तारीख. मूळ कायद्यानुसार विक्रीसाठी ठरवलेल्या तारखेपूर्वी सर्व थकबाकी आणि खर्च भरल्यास मिळकत विकता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा हक्क १८८२ च्या कायद्यातील गहाण सोडवण्याच्या हक्काशी जोडून पाहिला आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला तीस दिवसांची स्पष्ट नोटीस मिळालीच पाहिजे, असे सांगितले. २०१६ च्या दुरुस्तीने मात्र ‘विक्रीच्या तारखेपूर्वी’ याऐवजी ‘लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याच्या तारखेपूर्वी’ असे शब्द घातले. त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी विक्री पूर्ण होईपर्यंत हक्क शिल्लक राहतो असा अर्थ लावला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि सूचना प्रसिद्ध होताच हक्क संपतो, असे ठरवले. लिलावात बोली लावणाऱ्याला निश्चिती हवी, त्याशिवाय बोलीदार पुढे येणार नाहीत आणि बँकांची वसुली रखडेल, हे या निकालामागचे कारण समजण्यासारखे आहे. तरीही तीस दिवसांची नोटीस नियमांत आजही कायम आहे, आणि ती ज्या दिवशी हाती पडते त्याच दिवशी जाहिरात छापून आली, तर त्या तीस दिवसांत कर्जदाराने नेमके काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही. गावाकडचा माणूस पैसा उभा करतो तो बहुतेकदा जाहिरात पाहिल्यावरच, कारण भाऊबंद मदतीला धावतात तेही घर जाणार हे छापून आल्यावर.

येथेही तसेच झाले. जाहिरात आल्यापासून अकराव्या दिवशी धाकट्या भावाच्या केळीच्या बागेचे पैसे आणि सासरवाडीची मदत घेऊन हवालदारांनी संपूर्ण रक्कम भरण्याची लेखी तयारी दाखवली. बँकेने मुदत संपल्याचे कळवले. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिकांच्या घराला घरपट्टी माफ केली. तारण घराच्या लिलावाबाबत अशी कोणतीही सवलत नाही, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे अर्ज केला तरी त्या कार्यालयाला बँकेची कारवाई थांबवण्याचा अधिकार नाही.

हवालदारांनी आता न्यायाधिकरणात अपील केले आहे. बँकेची नोटीस त्यांच्या हाती कोणत्या दिवशी पडली आणि जाहिरात कोणत्या दिवशी छापली गेली, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. नाव आणि नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या खाली, त्यांनी पोस्टाचा शिक्का असलेला लिफाफा जपून ठेवला आहे. त्यावरची तारीख जाहिरातीनंतरची आहे.