भाड्याने दिलेल्या घराचा विमा : कोणते संरक्षण निवडावे, अर्ज कसा भरावा, कागद कोणते लागतात

फ्लॅट भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला जातो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते, डिपॉझिट खात्यात जमा होते. विम्याचा विषय मात्र अनेक घरमालक काढतच नाहीत. असलाच तर गृहकर्जाच्या वेळी बँकेने काढून घेतलेला विमा असतो आणि त्याच्या कागदावर मालक स्वतः त्या घरात राहतो अशी नोंद असते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पूर आला, तेव्हा घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. अशा वेळी भाड्याने दिलेल्या घराच्या मालकावर दोन्हीकडून भार येतो. दुरुस्तीचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो आणि घर राहण्याजोगे नसल्याने भाडेही बंद होते. म्हणून भाड्याच्या घराचा विमा निवडताना भिंतींइतकेच लक्ष बुडणाऱ्या भाड्याकडे द्यायला हवे.

कोणती पॉलिसी

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआय या विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांकडे ती मिळते, तशीच खासगी कंपन्यांकडेही. मूळ अटी सगळीकडे सारख्याच आहेत. फरक पडतो तो हप्त्यात, जोडसंरक्षणांत (जादा हप्ता देऊन घ्यायच्या वाढीव संरक्षणांत) आणि सेवेत. त्यामुळे तुलना करताना जाहिराती बाजूला ठेवून दोन-तीन कंपन्यांची कोटेशन्स शेजारी शेजारी मांडावीत.

आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे सगळे मूळ संरक्षणातच येते. चोरीबाबत मात्र नीट समजून घ्या. यांपैकी एखादी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच भरपाई मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूने भाडे थकवले, घर सोडायला नकार दिला किंवा रोजच्या वापराने रंग उडाला, फरशी झिजली, तर ही पॉलिसी उपयोगाची नाही. त्यासाठी करार आणि डिपॉझिट आहे.

ही पॉलिसी राहत्या घरांसाठी आहे. गाळा दुकानाला किंवा ऑफिसला दिला असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पाहावी; एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. फ्लॅट राहण्यासाठी म्हणून विम्यात दाखवायचा आणि आत क्लास किंवा कारखाना चालू द्यायचा, हे दाव्याच्या वेळी हमखास अंगाशी येते.

कोण काय विमाबद्ध करू शकतो

इमारत आणि मालकाचे सामान यांचा विमा मालकाने काढायचा. मालकाने दिलेला फ्रिज, एसी, गिझर, पलंग, कपाट हे ‘मालकाचे सामान’. भाडेकरूचा लॅपटॉप, दुचाकी, कपडे तुमच्या पॉलिसीत येत नाहीत. भाडेकरूला फक्त स्वतःच्या घरसामानाचा विमा स्वतंत्रपणे काढता येतो आणि चावी देतानाच त्याला हे सांगावे. नंतरचे वाद टळतात.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेने इमारतीचा आग व भूकंपाचा विमा काढायचा असतो. तुमच्या सोसायटीने तो काढला आहे का, किती रकमेचा, पुराचा धोका त्यात आहे का, हे सेक्रेटरींकडून पॉलिसीची प्रत मागून तपासा. एकाच नुकसानीची भरपाई दोन पॉलिसींतून दुप्पट मिळत नाही. पण सोसायटीचा विमा चांगला असला तरी फ्लॅटमधले तुमचे सामान आणि तुमचे बुडणारे भाडे त्यात असेलच असे नाही.

रक्कम किती ठेवावी

इथेच सर्वाधिक गफलत होते. बाजारभाव ऐंशी लाख म्हणून विमा ऐंशी लाखांचा काढायचा नसतो. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र, चौरस मीटरमध्ये घ्यायचे आणि त्याला तुमच्या भागातल्या बांधकामखर्चाच्या दराने गुणायचे. समजा चटई क्षेत्र ६५ चौरस मीटर आणि खर्च चौरस मीटरला २५ हजार रुपये, तर विमा रक्कम १६ लाख २५ हजार. बंगला असेल तर कंपाउंड भिंत, गॅरेज, सौर पॅनेल यांची किंमत वेगळी मांडावी.

इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके सर्वसाधारण घरसामान यादी न देताही संरक्षित होते. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २५ हजार होतात आणि साध्या फर्निचरच्या फ्लॅटला पुरतात. पूर्ण सजवून दिलेल्या घरासाठी जास्त रक्कम हवी असेल तर यादी द्यावी लागते.

या पॉलिसीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सवलत अशी : विमा रक्कम घराच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी पडली, तरी त्या प्रमाणात दावा कापला जात नाही. जुन्या पद्धतीत वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळत असे. आता दोन लाख मिळतात. कमाल मर्यादा अर्थात विमा रकमेचीच. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते.

बुडालेल्या भाड्याचे संरक्षण

विमा असलेल्या घटनेमुळे घर राहण्यास अयोग्य झाले, तर दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळातले बुडालेले भाडे मिळू शकते. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्यासाठी घर राहण्यायोग्य नाही असे आर्किटेक्टचे किंवा स्थानिक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अर्जात मासिक भाडे स्पष्ट लिहा आणि पॉलिसी हाती आल्यावर शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) या संरक्षणाची नोंद व रक्कम आहे ना, ते पाहा. नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. भाडे किती होते हे नोंदणीकृत करारावरून सिद्ध होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, त्यामुळे तोंडी व्यवहारावर भाड्याचा दावा उभा करायला जाऊ नये.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर, शाखेत किंवा एजंटमार्फत करता येतो. प्रस्ताव अर्जात पत्ता, बांधकामाचे वर्ष, मजला, चटई क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि घराचा वापर विचारतात. वापराच्या रकान्यात ‘भाड्याने दिलेले’ असेच लिहा. एजंट अर्ज भरत असेल तर सही करण्याआधी हा रकाना स्वतः वाचा.

१ जानेवारी २०२३ पासून केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) सक्तीचे असल्याने पॅन आणि ओळख-पत्त्याचा पुरावा लागतो. याशिवाय खरेदीखत किंवा सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीच्या भागप्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची पावती, भाडेकरार आणि मौल्यवान वस्तूंची बिले जवळ ठेवा. सगळे कागद अर्जावेळी मागतीलच असे नाही, पण दाव्याच्या वेळी लागतात. घराच्या प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून ईमेलवर ठेवावेत, हा माझा आग्रह आहे.

हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. घर आधी स्वतः वापरत होता आणि आता भाड्याने दिले, वापर बदलला किंवा बांधकाम वाढवले, तर कंपनीला कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्या. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर बराच काळ रिकामे राहणार असेल तरी कळवावे. दुबईत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मालकांनी इथल्या विश्वासू नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवले तर नुकसानीच्या वेळी धावपळ होत नाही.

दावा

नुकसान झाल्याबरोबर कंपनीला कळवा, आगीत अग्निशमन दलाचा अहवाल घ्या, चोरीत पोलिसांत तक्रार द्या, पुरात पंचनाम्याची प्रत मिळवा. नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक येईपर्यंत खराब सामान फेकू नका. टाकावेच लागले तर आधी फोटो घ्या. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सोबत दुरुस्तीचे अंदाजपत्रक, बिले, भाडेकरार आणि भाडे जमा झाल्याचे बँक खात्याचे उतारे जोडावेत.

दावा नाकारला किंवा कमी मंजूर झाला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपाल मंजूर करू शकतात.