सात जण बसले की गाडी बदलते

सात आसनी गाडी विकत घेताना चाचणी फेरी मारतात ती दोघं-तिघं मिळून. डिकी रिकामी, टाकी अर्धी, छत मोकळं. गाडी हलकी चालते, ब्रेक पटकन लागतात, वळणावर स्टेअरिंग सांगितलं तसं ऐकतं. पण ही गाडी घेतली जाते ती सगळं कुटुंब सामानासकट एकदम नेता यावं म्हणून, आणि त्या अवस्थेत ती कशी वागते हे कुणीच तपासून पाहिलेलं नसतं.

हिशोब साधा आहे. सात मोठी माणसं, प्रत्येकी सरासरी ७० किलो, म्हणजे ४९० किलो. प्रत्येकाची १० किलोंची बॅग धरली तर ५६०. रिकामी गाडी १८०० किलोंची असेल तर तिच्या वजनात जवळपास एक तृतीयांश भर पडली. चालकाचं दार उघडलं की खांबावर एक पाटी किंवा स्टिकर दिसतो. त्यावर गाडीचं कमाल वजन किंवा तिनं वाहायचा कमाल भार लिहिलेला असतो. अनेक सात आसनी गाड्यांत हा भार पाचशे-सहाशे किलोंच्या आसपास असतो. म्हणजे सात प्रौढ बसले की मर्यादा जवळजवळ संपते आणि छतावरच्या पेटाऱ्यासाठी काही उरत नाही. आसनं सात आहेत, याचा अर्थ सात माणसं आणि त्यांचं सामान असा होत नाही. ती पाटी आणि आपल्या घरच्यांची वजनं शेजारी-शेजारी मांडली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ ही समजूत निराधार नाही, पण अर्धवट आहे. २४०० किलोंची एक गाडी आणि १२०० किलोंची दुसरी, दोघी ताशी ५० किलोमीटर वेगानं समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या असं समजू. संवेग (वजन गुणिले वेग) अक्षय्यतेच्या नियमानुसार तो सगळा गोळा जड गाडीच्या दिशेनं ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगानं पुढे सरकेल. जड गाडीचा वेग ५० वरून १७ वर आला, म्हणजे ३३ नं बदलला. हलकी गाडी मात्र ५० नं पुढे जात होती ती १७ नं मागे ढकलली गेली. तिच्या वेगातला बदल ६७, बरोबर दुप्पट. आतल्या माणसाला किती इजा होणार हे बहुतांशी या बदलावर आणि तो किती कमी वेळात घडला यावर ठरतं. जड गाडीतल्यांना फायदा झाला हे खरं, पण तो समोरच्याच्या खिशातून आला.

झाडाशी किंवा पुलाच्या कठड्याशी गाठ पडली तर हा फायदाही मिळत नाही. न हलणाऱ्या वस्तूला धडकताना गाडीची सगळी गतिज ऊर्जा तिच्याच पुढच्या भागानं चुरगळून पचवायची असते, आणि वजन वाढलं की पचवायची ऊर्जाही तेवढीच वाढते. पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा आणि मधली बैठक मजबूत ठेवायची, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्यानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. आजच्या सगळ्या गाड्या त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडीला सुरक्षेसाठी पाचपैकी जे तारे मिळतात, ते म्हणूनच फक्त साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्ये तुलना करायला वापरायचे असतात. पाच तारे मिळवलेली छोटी गाडी आणि पाच तारे मिळवलेली अडीच टनांची गाडी सारख्याच सुरक्षित, असा त्यांचा अर्थ नाही. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेनं २०२० पासून चाचणीत १४०० किलोंचा चालता ढकलगाडा आणला. गाडी आणि गाडा दोन्ही ताशी ५० किलोमीटरनं एकमेकांवर सोडतात आणि गाडीनं समोरच्याची जास्त नासधूस केली तर तिचेच गुण कापतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

मोठ्या गाडीचं खरं दुखणं वजनापेक्षा उंचीत आहे.

गाडी उलटण्याचा प्रश्न दोन मापांवर येऊन ठरतो: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूची, जमिनीपासूनची उंची. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला या उंचीनं भागलं की जो आकडा येतो त्याला स्थिर स्थैर्य गुणांक म्हणतात. साध्या सेदान गाड्यांचा तो १.३ ते १.५ च्या दरम्यान असतो; एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअप साधारण १.० ते १.३ मध्ये येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं २००१ पासून याच आकड्यावर उलटण्याच्या धोक्याचे तारे द्यायला सुरुवात केली. गुणांक १.४५ किंवा जास्त असेल तर पाच तारे, म्हणजे दुसरं वाहन नसलेल्या अपघातात उलटण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी. १.०४ किंवा त्याखाली असेल तर एक तारा, म्हणजे शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर.

आता एक उदाहरण घेऊ. गाडी १९०० किलोंची, चाकांमधलं अंतर १.६ मीटर, गुरुत्वमध्य ६८ सेंटिमीटरवर. गुणांक आला १.१८, म्हणजे तीन तारे. छतावर, जमिनीपासून १.९ मीटरवर, ७५ किलो सामान बांधलं. एकूण वजन चार टक्क्यांनी वाढलं, पण गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर वर सरकला आणि गुणांक १.१० वर घसरला. त्या तक्त्यात ही गाडी आता दोन ताऱ्यांची झाली. माहितीपत्रकातले तारे मात्र तेच राहतात, कारण मोजणी होते तेव्हा गाडी जवळपास रिकामी असते.

सपाट कोरड्या डांबरावर नुसत्या वळणानं गाडी सहसा उलटत नाही, त्याआधी टायर घसरतात. उलटतात त्या बहुतेक गाड्या कशाला तरी अडून: रस्त्याकडेची भुसभुशीत माती, दुभाजकाची कड, खड्ड्याचा काठ. अमेरिकी आकडेवारीनुसार दुसरं वाहन नसलेल्या उलटण्यांपैकी ९५ टक्के अशा अडखळण्यातून होतात. म्हणजे गाडी आडवी घसरू न देणं हाच खरा उपाय, आणि तिथे कामाला येते ती इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली, म्हणजे ईएससी. स्टेअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय हे ती सेकंदातून कितीतरी वेळा ताडून पाहते आणि फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडीचं नाक ठिकाणावर आणते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास अचानक डावं-उजवं करताना उलटली. त्यानंतर कंपनीनं ही प्रणाली त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली आणि एरवी महागड्या गाड्यांपुरती राहिली असती अशी वस्तू सर्वांसाठी येण्याचा वेग वाढला. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून सगळ्या नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. जुनी मोठी गाडी घेणार असाल तर सनरूफ नसलं तरी चालेल, ईएससी नसेल तर माझ्या मते पुढे बोलणीच करू नयेत.

माणसं भरल्यानं काय होतं याचा ढळढळीत पुरावा पंधरा आसनी व्हॅननं दिला. अमेरिकी प्रशासनानं २००१ मध्ये इशारा दिला, की दहा किंवा अधिक माणसं बसलेल्या अशा व्हॅन दुसरं वाहन नसलेल्या अपघातात कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट प्रमाणात उलटतात. गाडी तीच, रस्ते तेच. फरक एवढाच, की भरल्यावर गुरुत्वमध्य वरही जातो आणि मागेही. मागे गेला की वळणावर शेपूट बाहेर निघण्याची प्रवृत्ती वाढते. सात आसनी गाडीत हे एवढं तीव्र नसतं, पण दिशा तीच असते, कारण तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते. त्याचा एक साधा परिणाम समोरून येणाऱ्यांना भोगावा लागतो. मागचा भाग बसतो, नाक वर उचललं जातं आणि हेडलाइटचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अनेक गाड्यांत स्टेअरिंगच्या बाजूला आकडे लिहिलेलं छोटं चक्र असतं, ते याचसाठी. आकडा वाढवला की झोत खाली येतो. बहुतेकांच्या गाडीत ते जन्मभर शून्यावरच असतं.

टायरांकडे यावंच लागेल. २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. टायरची वरची पट्टी सुटून गाडी उलटण्याच्या घटनांत अमेरिकेत अडीचशेहून अधिक बळी गेले. दोष टायरचा किती आणि गाडीचा किती यावर दोन्ही कंपन्या कडाडून भांडल्या, पण त्यामागचं भौतिकशास्त्र निर्विवाद आहे. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि दुमडण्यानं तापतो. भार जास्त असेल तर आणखी तापतो, वेग आणि ऊन त्यात भर घालतात. याच प्रकरणानंतरच्या अमेरिकी कायद्यातून हवेचा दाब सांगणारी प्रणाली सक्तीची झाली. पण तिथल्या नियमाप्रमाणे तो दिवा पेटतो ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर, आणि गाडीत आज किती माणसं बसली आहेत हे त्याला कळत नाही. अनेक गाड्यांच्या पाटीवर दाबाचे दोन आकडे असतात, एक कमी भारासाठी आणि एक पूर्ण भारासाठी. लांबच्या प्रवासाला निघताना दुसरा आकडा पाहायचा.

घाटाच्या उतारावर आणखी एक हिशोब लागू होतो. ५०० मीटर उंचीवरून खाली येताना गाडीच्या वजनानं जी ऊर्जा सुटते, ती ताशी १०० च्या वेगातून तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. हे प्रमाण गाडी हलकी असो की जड, सारखंच राहतं. पण जड गाडीच्या ब्रेकमध्ये प्रत्यक्ष उष्णता जास्त साठते. ब्रेक तापले की पकड ढिली होते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून वेग इंजिनाकडून आवरून घ्यायचा.

आता तिसरी रांग. मुलांना तिथे बसवणं सोयीचं वाटतं, पण तिन्ही रांगा उभ्या असताना त्या आसनाच्या पाठीमागे मागचं दार किती अंतरावर राहतं ते एकदा हातानं मोजून पाहा. मागून धडक बसली तर चुरगळायला तेवढीच जागा आहे. काही गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाहीत. नेहमीच्या धडक चाचण्यांत तिथे पुतळाही बसवलेला नसतो. दुसऱ्या रांगेचंही फार कौतुक नको. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं चालकाच्या मागे लहान चणीच्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा पुतळा बसवून चाचणी सुरू केली, आणि २०२३ मध्ये तपासलेल्या चार मिनिव्हॅनपैकी (खालच्या मजल्याच्या कौटुंबिक व्हॅन) एकीलाही चांगली श्रेणी मिळाली नाही. धडक बसताच पट्टा आवळणारी आणि मग छातीवरचा ताण मर्यादेत ठेवणारी जी यंत्रणा पुढच्या आसनांना असते, ती मागे पोचायला कंपन्यांनी फार वेळ लावला. गाडी पाहताना विक्रेत्याला ‘एअरबॅग किती’ हे सगळेच विचारतात. मागच्या पट्ट्यांना ही यंत्रणा आहे का आणि मुलांचं आसन गाडीला अडकवायचे आयसोफिक्स हूक कोणत्या रांगेत आहेत, हे विचारल्यावर तो जरा थबकतो.

पाठीमागचं सामान हा वेगळाच शत्रू. ताशी ५० च्या वेगातली गाडी चुरगळत अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक सुट्या वस्तूला थांबवायला तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट बल लागतं. १५ किलोंची बॅग म्हणजे ३०० किलोंचा रेटा. तिसऱ्या रांगेच्या पाठीला टेकवून डोक्याच्या वरपर्यंत रचलेल्या बॅगा तो रेटा कुणाच्या मानेवर देणार हे उघड आहे. जड बॅगा तळाशी, आसनाच्या पाठीला चिकटवून ठेवायच्या आणि वर जाळी किंवा पट्टा लावायचा.

बाहेरच्यांचाही विचार करायला हवा, कारण त्यात बऱ्याचदा आपल्याच घरची मुलं असतात. उंच, उभ्या बॉनेटच्या पुढ्यात लहान मूल उभं असेल तर चालकाला ते दिसतच नाही. मागचा कॅमेरा अमेरिकेत २०१८ पासून सक्तीचा झाला. पुढचा मात्र अजून हौसेची गोष्ट समजला जातो. त्याच इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये सुमारे अठरा हजार पादचारी अपघात तपासले. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड १०२ सेंटिमीटरहून उंच होती, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ७६ सेंटिमीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. उंच गाडीची धडक पायांऐवजी छाती आणि डोक्याच्या उंचीवर बसते.

हे सगळं एकत्र ठेवलं की मिनिव्हॅनची बाजू वरचढ ठरते. १९८०च्या दशकात क्रायस्लरची कॅराव्हॅन आणि रेनोची एस्पास आल्या, तेव्हा त्यांची रचना मोटारीसारखी होती. मजला खाली, बसायची जागा मधोमध मोठी, नाक आखूड आणि उतरतं. मजला खाली आल्यानं गुरुत्वमध्य खाली येतो, आजी-आजोबांना चढायला सोपं जातं आणि तिसऱ्या रांगेत माणसाला पाय सोडून बसता येतं. सरकत्या दारामुळे अरुंद जागेतही शेजारच्या गाडीला धक्का न लावता मुलाला आसनात बसवता येतं. एसयूव्हीत तीच जागा मोठी चाकं, वरचा मजला आणि लांब बॉनेट खातात. रोज चिखल-दगडांतून जायचं असेल तर ती तडजोड रास्त आहे. बाकीच्यांनी दोन्ही गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत, घरातल्या सर्वांत उंच माणसाला बसवून, निदान अर्धा तास फिरून यावं आणि मग पैसे भरावेत.