घट बसण्याआधी गोधड्या धुवा, रजई मात्र धुऊ नका

दिवाळी झाली की आमच्या कापूस पिंजायच्या दुकानात रोज दोन-चार रजया अशा येतात, की हातात घेताच कळतं, ही धुतलेली आहे. कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेला आणि मधे नुसतीच खोळ. विचारलं की उत्तर ठरलेलं: "घट बसायच्या आधी सगळ्या गोधड्या नदीवर नेल्या, त्यांत हीपण धुतली."

गोधडी खुशाल धुवा. ती जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेली असते, कापड कापडाला धरून राहतं. रजईत मात्र सुटा, पिंजलेला कापूस असतो आणि त्याला धरून ठेवायला फक्त टाके. पाण्यात तो बसतो, पिळला की गठ्ठे होतात. वरची खोळ दुपारपर्यंत वाळते, पण आतला कापूस दोन दिवसांनीही ओलाच असतो. वाळली समजून घडी घातली, की कुबट वास आलाच.

ऊब कापसाच्या वजनात नसते, तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून गठ्ठे झालेल्या चार किलोंच्या रजईपेक्षा नीट पिंजलेली तीन किलोंची जास्त उबदार. आपल्या निफाडात हा फरक अंगाला कळतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर येतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तर द्राक्षबागांत दव गोठलं होतं. रात्रीच्या लाईटवर पाणी भरून पहाटे घरी आलेल्या माणसाला पांघरूण तरी धड मिळायला हवं.

ओला कापूस आम्हाला तसाच मशीनवर घेता येत नाही. तो रोलरच्या दातांना गुंडाळला जातो, मग मशीन बंद करून हाताने सोडवत बसावं लागतं. एका ओल्या रजईत तीन कोरड्या रजयांचा वेळ जातो. म्हणून ती आधी गच्चीवर वाळवावी लागते. तुमची तारीख पुढे जाते आणि तुमच्या मागच्या माणसाचीही. तेव्हा रजई मळलेली असली तरी तशीच आणा, लाजू नका. मळ खोळीला असतो. खोळ आम्ही उसवतोच, ती घरी नेऊन धुवा. कापसातली धूळ पिंजताना निघून जाते.

देण्याआधी रजई एकदा चाचपून पाहा. आत राहिलेली सुई, पिन, हूक रोलरला लागला तर ठिणगी उडते आणि कापूस पेटायला वेळ लागत नाही. एकदा एका हुकामुळे आमच्याकडे अशी आग लागली होती. जवळच ओलं गोणपाट होतं, म्हणून थोडक्यात निभावलं.

"तीन किलो दिला, कमी का आला?" हेही नेहमी विचारलं जातं. धूळ, तुटके तंतू, सरकीची टरफलं निघतात, तेवढी घट येणारच. रजई घेताना आणि देताना वजन तुमच्यासमोर करतो, निघालेला कचरा पिशवीत बाजूला ठेवतो. मागा, दाखवू. नवा कापूस घालायचा असेल तर भाव आधी सांगतो, न विचारता घालत नाही.

थंडी खालूनही लागते. वर तीन पांघरुणं आणि खाली शहाबादीवर नुसती चटई, अशाने झोप येत नाही. आमच्याकडे पातळ कापसाची एकेरी गादी मिळते. बागेच्या कामाला मुक्कामी येणाऱ्या मजुरांसाठी काही बागायतदार दरवर्षी नेतात. आठवड्यातून एकदा गादी आणि रजई दोन-तीन तास उन्हात टाका आणि ऊन कलायच्या आत उचला, नाहीतर दवाने पुन्हा ओल धरते.

आणि कितीही कडाका असो, दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. कोळशातून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही. झोपेतच जीव जातो.

भाद्रपदात मशीन मोकळं असतं, सकाळी दिलेली रजई संध्याकाळी मिळते. दिवाळीनंतर आठ दिवस धरा. नावाची चिठ्ठी रजईला पिनेने टाचू नका, दोऱ्याने बांधा.