इन्फिनिटीला फोकस आणि हायपरफोकल, एकच नाहीये ते

पाऊस सुरू झाला की निम्मं नाशिक कॅमेरे घेऊन त्र्यंबक रोडला, आणि अंजनेरीच्या डोंगरासमोर उभं राहून एकमेकांना सांगतात काय तर "लँडस्केप आहे ना, टाक इन्फिनिटीला, हायपरफोकल म्हणजे तेच." तेच नाहीये ओ. मीपण दोन पावसाळे तेच समजत होतो.

इन्फिनिटी म्हणजे सरळ लांबच्या डोंगरावर फोकस. हायपरफोकल हे फोकस करायचं एक अंतर, बरंच अलीकडे असतं, तिथे फोकस केला की डोंगर जेमतेम चालण्याइतका शार्प राहतो आणि त्या अंतराच्या निम्म्यापासून पुढचं सगळं शार्प म्हणून खपून जातं. फुलफ्रेमला (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर) २४ एमएम फोकल लेंथ, म्हणजे रुंद दिसणारी लेन्स, आणि एफ/८ (लेन्सचं भोक किती उघडं त्याचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान भोक) धरलं तर हे अंतर साधारण २.४ मीटर, म्हणजे तिथे फोकस केला तर १.२ मीटरपासून डोंगरापर्यंत मिळतं आणि इन्फिनिटीला केला तर २.४ मीटरपासून पुढे. ५० एमएमला तेच अंतर साडेदहा मीटरवर जातं, फोकल लेंथ दुप्पट झाली की अंतर चौपट, त्यामुळे मित्राच्या लेन्सचा आकडा पाठ करून काही होत नाही.

हे कळलं की सगळे हायपरफोकलच्या प्रेमात पडतात आणि तो 'जेमतेम' विसरतात. आता बघा, २४ एमएमला एफ/८ म्हणजे लेन्सचं भोक ३ मिलिमीटरचं, २४ भागिले ८. फोकस इन्फिनिटीला असेल तर पायाजवळच्या भाताच्या रोपाचा तपशील ३ मिलिमीटरने पसरतो, म्हणजे रोपावरचं त्याहून बारीक काही दिसत नाही, बस्स. उलट २.४ मीटरवर फोकस केला तर २४० मीटरवरच्या झाडाचा तपशील पसरतो जवळपास ३० सेंटीमीटर! मोबाइलवर कळत नाही, पण मोठी प्रिंट काढली की झाडाचा नुसता हिरवा लगदा.

म्हणून मी तरी बांधावरचा दगड अगदी लेन्सपुढे, मीटर-सव्वा मीटरवर असेल आणि फोटो मुळात त्या दगडाचाच असेल तेव्हाच हायपरफोकल वापरतो, तेही एफ/११ ला, तिथे अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास येतं. बाकी वेळी लांब फोकस करून मोकळा. एफ/२२ ला दोन्ही साधेल असं वाटतं, पण डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने, सगळंच मऊ पडतं.

आणि हो, फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे इन्फिनिटी नाही, बऱ्याच ऑटोफोकस लेन्स त्याच्याही पुढे जातात, लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, झूम करून अंजनेरीचा कडा बघून लावा. कडा ढगात गेला असेल, जो असतोच, तर लांबचा विजेचा खांबपण चालतो.