परसबागेतील मिरची (नागपूर)

नागपूर शहरात व आसपासच्या गावांत अंगणात, गच्चीवर किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांत घरापुरती तिखट मिरची लावण्याची, तोडण्याची आणि वाळवण्याची रीत. मिरची ही वांगी-टोमॅटोच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती भारतात आली. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हिवाळ्यात कळमना बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात. तरीही घरी चार झाडे असावीत, कारण ठेच्यासाठी झाडावरून तोडून लगेच तव्यावर टाकलेल्या मिरचीचा वास बाजारच्या मिरचीला येत नाही.

हंगाम : नागपुरात मिरची साधते की फसते, हे खतापेक्षा पेरणीच्या तारखेवर जास्त ठरते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर टिकले आणि रात्रही गार झाली नाही, की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळते. फेब्रुवारीत हौसेने लावलेले रोप एप्रिलमध्ये हिरवेगार दिसते, कळ्याही धरते, पण पारा ४५च्या घरात गेल्यावर कुंडीभोवती पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. अनेकजण तेव्हा घाबरून आणखी खत घालतात. दोष खताचा नसतो; त्या झाडाला सावली हवी असते. म्हणून बी जूनमध्ये, मृगाचे पाणी पडल्यावर टाकावे. चार-पाच आठवड्यांत रोपाला चार-सहा पाने येतात, तेव्हा ते संध्याकाळी कुंडीत हलवावे. हिरव्या मिरच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, लाल मिरची ऐन थंडीत.

माती व पाणी : विदर्भाची काळी माती शेतात सोने असली तरी कुंडीत नुसती भरू नये. पावसात ती चिखल होऊन बसते, उन्हाळ्यात तडकते, आणि मुळे गुदमरून रोप एका रात्रीत माना टाकते. तिच्यात तेवढेच शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड रेती मिसळावी. कुंडी बारा इंचांची, तळाला भोके मोकळी. नत्र जास्त झाले तर झाड पानांनी माजते आणि मिरची धरत नाही. पाणी वरची माती बोटभर सुकल्यावरच द्यावे. कुलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र कुंडीत ओतू नये. वाऱ्याने पाणी उडून जाते, क्षार टाकीतच राहतात, आणि तेच मग पानांच्या कडा जाळतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कुंड्या भिंतीच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली ठेवल्या तर झाड जगते. पहिल्या पावसाला ते वीतभर ठेवून छाटले की पुन्हा फुटते. मिरची खरे तर एका वर्षात संपणारे झाड नाही.

रोग : सगळ्यात जास्त छळतो तो चुरडा-मुरडा. पाने होडीसारखी वळतात, शेंडा आखडतो. फुलकिडे, कोळी नावाची बारीक कीड आणि पांढरी माशी यांपैकी कोणामुळेही हे होते. माशीने विषाणू पसरवला असेल तर औषध नाही, झाड उपटून टाकावे. नुसत्या किडी असतील तर पानांच्या खालच्या बाजूला निंबोळी तेलाची फवारणी उपयोगी पडते, पण ती पाने वळायच्या आधीपासून सुरू करावी लागते.

तोडणी : मिरची खाली ओढू नये. एका हाताने फांदी धरावी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने देठ वर उचलावा. सांध्यावर ‘टच’ आवाज होऊन ती सुटते. ओढली तर फांदीच चिरते आणि तिच्यावरच्या पुढच्या कळ्या जातात. हिरव्या मिरच्या तोडत राहिले की नवी फुले येत राहतात. सगळ्या लाल होऊ दिल्या तर झाड थांबते. तिखटपणा बियांचा असतो असे घरोघरी सांगतात, पण कॅप्सेसिन तयार होते ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गराच्या शिरेत. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात नुसत्या पाण्याने धुऊन आग जात नाही. आधी गोडेतेल चोळावे, मग साबण लावावा. बुलबुलांना ही आग जाणवतच नाही. लाल मिरच्या ते आधी नेतात, तेव्हा रंग भरला की उशीर करू नये.

वाळवण व बी : देठासकट मिरच्या आधी दोन दिवस सावलीत पसरतात, म्हणजे अर्धवट लाल असलेल्यांचा रंग भरतो, मग गच्चीवर ऊन देतात. रात्री दहिवरात राहिल्या तर बुरशी धरते. हलवल्यावर आत बी खुळखुळले की मिरची डब्यात भरण्याजोगी झाली. बियाण्यासाठी निरोगी झाडाची पूर्ण पिकलेली मिरची ठेवावी. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली म्हणून यंदाची ढोबळी तिखट होत नाही. पण मधमाशांनी परागांची सरमिसळ केलेली असेल, तर तिच्या बियांतून पुढल्या वर्षी उगवलेले झाड तिखट निघू शकते.